माहितीपत्रकाचं मागचं पान

दहावी पास झाल्यावर दोन वर्षं मी सिंदेवाहीला घरी बसून काढली आणि तिसऱ्या वर्षी गडचिरोलीकडच्या जंगलात आग राखायच्या कामाला लागलो. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. माझा बा भाताच्या संशोधन केंद्रावर रोजंदारीनं चिखल तुडवायचा. देव आमच्या घरातून बाच्या तरुणपणीच गेले होते, आणि त्यांच्या रिकाम्या जागी बानं पुस्तकं ठेवली होती. माझी दहावी झाली ती स्कॉलरशिपच्या पैशांवर आणि माफ झालेल्या फीवर. कोणत्या फॉर्मच्या कोणत्या रकान्यात आपल्यासाठी काय लिहिलेलं असतं, ते बा मला बोट ठेवून दाखवायचा. "बारीक अक्षरं पहिले वाचजो," म्हणायचा. त्याला स्वतःला मोठी अक्षरंसुद्धा नीट वाचता येत नव्हती.

फेब्रुवारी निघाला की वनखात्यात आगीसाठी रोजंदारीची माणसं घेत. कागदोपत्री आम्ही फायर वॉचर, गावात लोक म्हणायचे आगवाले. पावसाळा लागला की काम संपलं. जंगलात पट्टे साफ करून पालापाचोळा आधीच जाळून ठेवायचा, म्हणजे आग एका बाजूची दुसऱ्या बाजूला जात नाही. त्याला जाळरेषा म्हणतात. बाकीचा वेळ फिरायचं, धूर शोधायचा आणि दिसला की पळायचं. मोहफुलं वेचणारी माणसं झाडाखालचा पाला पेटवून देत, फुलं दिसावी म्हणून. तो पाला तिथंच विझला तर ठीक, नाहीतर वारा त्याला घेऊन निघायचा.

माझी जोडी लावून दिली ती दादांशी. दादा गोंड होते, रेंज ऑफिसपासून तासाभराच्या पायवाटेवर त्यांचा टोला, म्हणजे पाडा होता. या कामाला त्यांना बारा-तेरा हंगाम झाले होते. बारीक अंगकाठी, डोक्याला कायम एक मळका दुपट्टा, आणि बोलणं फार थोडं. सातवीपर्यंत शिकले होते. त्यांच्या वयाच्या माणसात त्या भागात तेवढं शिकलेलं मी दुसरं कोणी पाहिलं नाही. मराठी ते वाचायचे, बोट फिरवत, ओठ हलवत.

पहिल्या महिन्यातली एक दुपार मला अजून तशीच्या तशी आठवते. बांबूच्या रानात आग आली होती. बांबू फुटतो तेव्हा बंदुकीसारखा आवाज होतो. मी डहाळी तोडून झोडपायला धावलो, तर दादांनी मला शर्टाला धरून मागं ओढलं.

"कुठी चालला?"

"विझवाले."

"तिले विझवते का तू? उभा राह्य."

ते स्वतः उभे राहिले. तोंड वर करून वारा हुंगला, एक चिमूट राख हवेत सोडून पाहिली. मग मागं फिरून मला नाल्यापर्यंत नेलं. नाला कोरडा होता, नुसती वाळू. त्या वाळूच्या काठानं त्यांनी पाला पेटवत नेला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, अगदी सावकाश, घरची चूल पेटवावी तशी. मला वाटलं, हा माणूस आपल्याला दोन आगींच्या मधे भाजून काढणार.

"दादा, हे काय करून राह्यले?"

"ते आपल्याकडं येऊन राह्यली ना? आपण तिच्याकडं दुसरी पाठवू. भेटतीन एकमेकीले."

अर्ध्या तासात दोन्ही आगी समोरासमोर आल्या आणि खायला काही उरलं नाही म्हणून बसल्या. आम्ही वाळूत बसून भोपळ्याच्या तुंब्यातलं पाणी प्यालो. दादांनी बिडी पेटवली, काडी वाळूत खुपसून पुन्हा पुन्हा दाबली आणि म्हणाले, "हिले भ्यायचं, पण पळाचं नाई."

तीन हंगाम मी त्यांच्यासोबत काढले. कोणत्या झाडाचा पाला किती वेळ जळतो, दुपारचा वारा कुठून फिरतो, धुराचा रंग पांढरा असला तर काय आणि पिवळट असला तर काय, हे सगळं मला त्या माणसानं दिलं. दुपारी त्यांच्याच डब्यातली आंबील मी खायचो. त्यांच्या घरी वहिनी माझंही ताट मांडून वाढायच्या, आणि मी नको नको म्हणालो तरी भाताचा आणखी एक डाव पडायचा.

तिसऱ्या हंगामाच्या शेवटी, मे महिन्यात, रेंजर साहेबांनी आम्हा सात-आठ जणांना ऑफिससमोरच्या झाडाखाली बोलावलं. चंद्रपूरकडे नवे कारखाने उभे राहत होते, खाणी वाढत होत्या आणि त्या सगळ्यांना आग विझवणारी शिकलेली माणसं हवी होती. नागपूरच्या एका संस्थेत सहा महिन्यांचा कोर्स होता. सातवी पास, चाळीस वर्षांच्या आतला कोणीही चालत होता. शेवटी सर्टिफिकेट. हे सर्टिफिकेट असलेल्याला कारखान्यात कायमची नोकरी लागायची शक्यता चांगली आहे, असं साहेब म्हणाले. "अनुभव तुमच्याकडे आहेच, कागद नाही. कोण जातो बोला, मी शिफारसपत्र देतो."

कोण जातो. ते एकवचन माझ्या मनात जाऊन बसलं. साहेबांना किती पत्रं द्यायची होती, एक की दहा, हे मी विचारलं नाही. मी धरून चाललो की एकच.

साहेबांनी माहितीपत्रक माझ्या हातात दिलं, कारण ते इंग्रजीत होतं आणि तिथं त्यातल्या त्यात इंग्रजी वाचणारा मी होतो. मी ते खोलीवर नेऊन दोनदा वाचलं. पुढच्या पानावर कोर्सची माहिती, फी, मेसचा खर्च, बूट आणि वर्दीचे पैसे. मागच्या पानावर, अगदी खाली, बारीक अक्षरात सवलती. अनुसूचित जाती, नवबौद्ध आणि अनुसूचित जमातीच्या उमेदवाराला अर्धी फी. गरजूंना दर महिन्याला विद्यावेतन. आदिवासी उमेदवारांसाठी काही जागा राखून ठेवलेल्या.

बाच्या शिकवणीप्रमाणे मी ती अक्षरं सगळ्यात आधी वाचली होती.

दुसऱ्या दिवशी दादा माझ्याकडे आले. दुपारची वेळ होती, लाकडाच्या डेपोतल्या सागाच्या थप्प्यांच्या सावलीत मी बसलो होतो. ते समोर उकिडवे बसले. मग म्हणाले, "त्या नागपूरच्या कोर्साचं... माहा हिशोब करून देशीन का? तू शिकलेला आहे. मले परवडते का नाई, सांग."

"तुमी जाता का दादा?"

"पाहू ना, जमलं तं. कागदावर माहं वय एकोणचाळीस आहे. यंदाच जमन, पुढं नाई."

काडी घेऊन मी मातीत आकडे लिहिले. फी पाचशे. मेस महिन्याला इतकी, सहा महिन्यांची इतकी. बूट, वर्दी, जाण्यायेण्याचा एसटीचा खर्च. जुलै ते डिसेंबर कोर्स, म्हणजे नेमका धानाचा हंगाम. "रोवणी कोण करन? कापणी कोण करन?" मी विचारलं. मी आणखी लिहीत गेलो. सगळं खरं होतं. एकही आकडा मी वाढवला नाही.

"अन् नोकरी?" त्यांनी विचारलं.

"नोकरीचं कोण सांगन दादा? पास होईस्तोवर तुमाले चाळीस लागन. कारखानेवाले जवान पोरं पाह्यतात. धावापळाचं काम. घेतलं तं घेतलं, नाई तं गेले पैसे."

ते मातीतल्या आकड्यांकडे पाहत राहिले. शेवटच्या बेरजेवर त्यांनी बोट ठेवलं. "एवढे?"

"एवढे."

"म्हणजे नाई परवडत."

मागचं पान माझ्या खिशात होतं. चार ओळी होत्या. वाचून दाखवायला एक मिनिट लागलं नसतं. मी तेव्हा काय विचार केला ते मला स्पष्ट आठवतं, त्यात धूसर काही नाही. मी विचार केला की दादांना पंधरा-सोळा वर्षांचा अनुभव आहे आणि मला तीन. पत्र एकच असेल तर साहेब ते दादांनाच देतील. आणि मग मी पुन्हा सिंदेवाहीच्या ओट्यावर, बाच्या समोर.

"नाई परवडत दादा," मी म्हणालो.

ते उठले. गुडघे झटकले. "बरं झालं इचारलं तुले. पैशे वाया गेले असते." दोन पावलं जाऊन वळले. "तू जाते का मंग?"

"पाह्यतो."

"जा ना. तुहं वय आहे. साहेबाले मी सांगतो."

आणि त्यांनी खरंच सांगितलं. साहेबांनी मला पत्र देताना म्हटलं, "तुझ्या दादानं फार तारीफ केली तुझी."

माझी अर्धी फी माफ झाली. उरलेली बानं भरली, त्या वर्षी घराच्या छपरावर कवेलू घालायचे होते ते पुढच्या वर्षावर ढकलून. निघताना मी दादांच्या घरी गेलो. वहिनींनी मोहफुलांचे लाडू बांधून दिले. त्या दिवशी त्या माझ्याशी नेहमीसारख्या बोलल्या नाहीत, एवढं मला जाणवलं, पण कारण कळलं नाही.

नागपूरला पहिल्या आठवड्यात मी विद्यावेतनाचा फॉर्म भरायला ऑफिसात गेलो. तिथले कारकून वयस्कर होते, चष्म्यावरून पाहायचे. मी गडचिरोलीकडून आलो म्हटल्यावर त्यांनी रजिस्टर पुढं ओढलं.

"तुमच्या भागातून आदिवासी कोणी नाही का हो आलं? दोन जागा रिकाम्या आहेत. दरवर्षी राहतात. आम्ही पत्रकं पाठवतो, पण पोचतच नाहीत बहुतेक."

मी फॉर्मवर पत्ता लिहीत राहिलो.

"आहे का कोणी ओळखीत? पुढच्या सोमवारपर्यंत घेऊ शकतो. नुसता आला तरी चालेल, कागद मागाहून आणू दे. साहेबांशी मी बोलतो."

म्हणजे आमची स्पर्धा कधी नव्हतीच. दादांची जागा वेगळी होती, माझी वेगळी. आम्ही दोघं एकाच एसटीनं आलो असतो, एकाच खोलीत राहिलो असतो.

त्याच दुपारी मी तार ऑफिसात गेलो. फॉर्म घेतला. रेंज ऑफिसच्या पत्त्यावर मजकूर लिहिला की दादांना ताबडतोब पाठवा, जागा आहे, फी अर्धी, विद्यावेतन मिळेल. शब्द मोजले. रांगेत उभा राहिलो. माझ्यापुढं चार माणसं होती. मग तीन. आणि त्या रांगेत मला दिसायला लागलं की ही तार साहेब दादांना वाचून दाखवतील. फी अर्धी. विद्यावेतन. दादा ऐकतील आणि त्यांना मातीतले आकडे आठवतील. ते विचारणार नाहीत काही. नुसते माझ्याकडे पाहतील, सहा महिने, रोज, एकाच खोलीत.

माझ्यापुढं एक बाई होत्या तेव्हा मी रांगेतून बाहेर पडलो. फॉर्मचे तुकडे करून रस्त्यात टाकले. सोमवार आला आणि गेला.

पहिल्यांदा जे केलं ते लोभानं केलं, आणि त्या वयात, त्या घरातून आलेल्या पोराचा लोभ मी आज थोडाफार समजू शकतो. पण तार न करणं लोभाचं नव्हतं. त्यातून मला काहीच मिळणार नव्हतं. केवळ माझा चेहरा जपायला मी त्या माणसाचं दुसऱ्यांदा नुकसान केलं, आणि ते मला आजही समजून घेता येत नाही.

कोर्स मी चांगल्या मार्कांनी पास झालो. दोन महिन्यांत राजुऱ्याकडच्या एका सिमेंट कारखान्यात फायरमन म्हणून लागलो. खाकी वर्दी, पितळी बक्कल, क्वार्टर, पगार महिन्याच्या महिन्याला. बाच्या घरावर पुढच्या पावसाळ्याआधी कवेलू चढले. बा येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायचा, "सर्टिफिकेटवाला आहे माहा पोरगा." खर्च आणि फायदा असा हिशोब मांडला तर तो कोर्स माझ्या आयुष्यातला सगळ्यात फायद्याचा सौदा होता. तसं मला कितीतरी जणांनी सांगितलं.

माझ्याबरोबर त्याच महिन्यात लागलेला दुसरा फायरमन लष्करातून निवृत्त झालेला होता. त्याचं वय चव्वेचाळीस होतं. भरती करणाऱ्या साहेबांनी त्याच्या वयाबद्दल एक प्रश्नसुद्धा विचारला नव्हता.

कारखान्यात आमचं काम म्हणजे गाडी धुणं, होज पाईप उलगडून तपासणं, पुन्हा गुंडाळणं. खरी आग क्वचित. दुसऱ्या उन्हाळ्यात कोळशाच्या ढिगाऱ्यानं धूर सोडायला सुरुवात केली. कोळसा फार दिवस पडून राहिला की आतल्या आत तापतो. आम्ही तीन दिवस वरून पाणी मारलं. धूर थांबायचा, पुन्हा यायचा. चौथ्या दिवशी सकाळी मला एकदम एक जुनी गोष्ट आठवली. जंगलात एकदा ऐनाच्या वठलेल्या बुंध्यात आग शिरून मुळांत उतरली होती. वर काही दिसत नव्हतं. दादा पंजाची उलटी बाजू जमिनीला लावत रांगत गेले होते, आणि जिथं हात चटकन उचलला तिथंच खणलं होतं.

मी ढिगाऱ्यावर चढलो आणि तसंच केलं. हाताच्या पाठीला गरम लागत गेलं, एका ठिकाणी चटका बसला. तिथून कोळसा उकरून बाहेर काढायला लावला, पातळ पसरला, मग पाणी मारलं. संध्याकाळपर्यंत धूर बंद झाला.

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी बोलावून हात मिळवला. "शाबास. हे कुठं शिकलास?"

"कोर्समध्ये, साहेब," मी म्हणालो.

शब्द तोंडातून गेले आणि मी तिथं उभा राहिलो, हात अजून त्यांच्या हातात. कोर्समध्ये हे कोणी शिकवलं नव्हतं. दादांचं नाव घ्यायला काय हरकत होती? साहेबांनी कुठं त्यांना ओळखायचं होतं? तरी माझ्या जिभेवर ते आलं नाही. सवय लागली होती.

त्या आठवड्यात मी चार दिवसांची रजा टाकली. नव्या वर्षाचं माहितीपत्रक नागपूरहून मागवून घेतलं होतं, ते घेतलं, आणि एसटीनं गडचिरोली, तिथून दुसरी गाडी, मग पायी, असा दादांच्या टोल्यावर पोचलो. कबूल करायचं ठरवून गेलो होतो. वाटेत वाक्यं जुळवत होतो.

दादा घरी नव्हते. हंगाम चालू होता, ते जंगलात. वहिनी अंगणात मोहफुलं वाळत घालत होत्या. मला पाहून त्यांनी हात पुसले, खाट ओढली, पाणी आणून दिलं.

"वर्दी नाई घातली? दादा म्हणत होते तुहे मोठे बूट आहेत म्हणून."

"वहिनी, मले तुमाशी बोलाचं आहे," मी म्हणालो. आणि दादांसाठी जुळवलेली सगळी वाक्यं मी त्यांच्यासमोर बोलून टाकली. मागचं पान. अर्धी फी. विद्यावेतन. रिकाम्या जागा. तार. काहीही मागं ठेवलं नाही.

त्या ऐकत होत्या, आणि हात मोहफुलांवर फिरत होता, काड्या वेचून बाजूला टाकत होता. माझं झाल्यावर त्यांनी विचारलं, "तेव्हा काऊन नाई सांगितलं?"

मी मान खाली घालून बसलो.

"रोवणीले माहा भाऊ येनार होता," त्या म्हणाल्या. "मी त्याले बोलून ठेवली होती. दोन वर्षाचे मोहाचे पैशे होते माह्यापाशी, ते बी काढून ठेवले होते. दादा तुह्याकडून आले अन् म्हणाले, नाई परवडत, त्यानं मांडून दाखवलं. मी म्हटली, त्याले काय समजते आपल्या घरचं? तं माह्यावरच चिडले. म्हणाले, तो शिकलेला आहे."

मी पिशवीतून नवं पत्रक काढलं. "वहिनी, यंदा मी सगळं भरतो. फी, मेस, सगळं. माह्या पगारातून."

"वय?"

मला माहीत होतं. पत्रक मागवलं तेव्हाच मी पुन्हा पाहिलं होतं. सवलत धरूनही वयाची अट चाळीसच होती, त्यात एक दिवस इकडे तिकडे नव्हता. मी नागपूरच्या त्या कारकुनांना पत्रही लिहिलं होतं आणि त्यांनी सभ्यपणे नाही कळवलं होतं. तरी मी ते पत्रक घेऊन आलो होतो. रिकाम्या हातानं यायची हिंमत नव्हती म्हणून, दुसरं काय!

"मी आज दादाले सांगतो सगळं," मी म्हणालो. "माफी मागतो."

वहिनींनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "नको सांगू."

"काऊन?"

"तो तुहं नाव घेऊन फिरते गावात. माह्या हाताखालचा पोरगा कारखान्यात लागला म्हणते. बाजारात भेटन त्याले सांगते. मीच साहेबाले सांगून पाठवलो म्हणते." त्यांचा आवाज चढला नव्हता. "तू सांगशीन, तुले हलकं वाटन. त्याले काय भेटन? नोकरी तं भेटत नाई आता. जे आहे ते बी जाईन."

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला रागही आला. मी इतक्या लांबून जे टाकायला आलो होतो, ते त्यांनी उचलून पुन्हा माझ्याच हातात दिलं होतं. पण त्यांचं चुकलं असं मला तेव्हाही म्हणता आलं नाही.

दादा दुपार कलताना आले. अंगभर राख, दुपट्टा काळा झालेला. मला पाहून लांबूनच ओरडले, "आला का रे साहेब!" हातपाय न धुताच समोर बसले. कारखान्याचं सगळं विचारलं. पाईपातून पाणी किती लांब जाते, गाडीत पाणी किती मावते, फेस मारतात म्हणजे काय मारतात. मी सांगत गेलो. कोळशाच्या ढिगाऱ्याचं सांगितलं, हाताची उलटी बाजू लावली ते सांगितलं. "तुमीच शिकवलं होतं दादा," एवढं म्हणालो. ते खूप हसले. शेजारच्या दोघांना हाक मारून बोलावलं आणि मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

"पाहा," ते त्या दोघांना म्हणाले, "मले जाचं होतं, पण परवडत नव्हतं. यानंच हिशोब करून देल्ला. पैशे वाचले माहे. अन् पोरगं बी लागलं."

वहिनी आत चुलीपाशी होत्या. भात वाढायला बाहेर आल्या तेव्हा त्यांनी नेहमीसारखाच माझ्या ताटात आणखी एक डाव टाकला. माझ्याकडे पाहिलं नाही.

त्यानंतर मी दर वर्षी दोनदा तरी जात राहिलो. जाताना काहीतरी न्यायचो. दादांना बूट नेले, ते त्यांनी एक दिवस घालून खुंटीला टांगून ठेवले. चष्मा करून दिला. एकदा त्यांना चार दिवस कारखान्यात आणून सगळं दाखवलं. ते फायरच्या गाडीवर चढून बसले आणि उतरायला तयार होईनात. माझ्या सोबतच्यांना त्यांनी वाऱ्याबद्दल दोन-तीन गोष्टी सांगितल्या. तो लष्करातला माणूस मला नंतर म्हणाला, "ये आदमी इधर क्यों नहीं है?" मी म्हणालो, उमर निकल गई.

दादा आणखी चार हंगाम आगीच्या कामावर गेले, रोजंदारीवरच. मग छातीत धुराचं काहीतरी धरून बसलं. खोकला जाईना. मी गडचिरोलीच्या दवाखान्यात नेऊन दाखवलं, डॉक्टरांनी औषधं दिली आणि धुरात जाऊ नका म्हणून सांगितलं. ते घरी राहायला लागले. रोज थोडंफार बांबूचं विणायचे, टोपल्या, सुपं. उन्हाळ्यात कुठं लांब धूर दिसला की उठून अंगणाच्या कडेला जाऊन उभे राहायचे आणि वहिनींना सांगायचे की तिथं पोहोचलेली माणसं काय चुकत असतील.

दशक संपता संपता, धान कापणीला आलं असताना, ते गेले. टोल्यावरच्या शाळेच्या मास्तरांनी पोस्टकार्ड लिहिलं होतं, ते मला बारा दिवसांनी मिळालं. मी गेलो तोवर सगळं आटोपलं होतं. वहिनींचा तो भाऊ कापणीला आलेला होता. मी वर्दी उतरवून तीन दिवस त्यांच्यासोबत धान कापलं. विळा धरायची सवय गेली होती, हाताला फोड आले.

तिसऱ्या दिवशी निघताना मी वहिनींपाशी थोडा वेळ उभा राहिलो. काहीतरी बोलावं असं वाटत होतं. त्यांनी पिशवीत तांदूळ बांधून दिले आणि म्हणाल्या, "गाडी चुकन तुही. जाय."

आता मीही निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. कुठल्या तरी पोराला कसला तरी कोर्स करायचा असतो आणि त्याचा बाप मला विचारतो, परवडेल का? मी सांगत नाही. छापील कागद आणा म्हणतो, दोन्ही बाजूंनी वाचतो आणि पुढचं त्यांच्यावर सोडतो. लोकांना वाटतं मी फार काटेकोर माणूस आहे.

एक दिवस सगळं सांगून टाकू, असं मी दादा असताना दर वेळी मनाशी म्हणायचो. त्यांच्यामागं ते ऐकायला कोणी उरलं नाही. वहिनी आहेत. पण त्यांना सगळं आधीच माहीत आहे.